पहिली आयर्लंडवारी: मे महिना, १० रात्री, चौघं. मार्ग तपासून हवा आहे

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुंबईहून आयर्लंडला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण सपाटीवर तासभर चालतात) आणि ११ वर्षांचा मुलगा. सगळे शाकाहारी, मुलाला अंडं चालतं.

आवडीचा क्रम असा: तिथलं पारंपरिक संगीत समोर बसून ऐकणं, पश्चिम किनारा, जुने दगडी अवशेष. खरेदीत रस नाही.

कच्चा आराखडा: डब्लिन ३, बेलफास्ट १, गॉलवे २, किलार्नी २, कॉर्क १, शेवटी डब्लिन १. शेंगन व्हिसा चालेल का? गाडी घ्यावी की बस-ट्रेनने जमेल? मुलाला घेऊन पबमध्ये संगीत ऐकता येतं का? आणि स्केलिग मायकल हे समुद्रातलं खडकाळ बेट बसवता येईल का?


खिडकीजवळची_जागा:

आराखड्यातलं बेलफास्ट आधी खोडा, नाहीतर त्याची सोय व्हिसाच्या अर्जातच करा. बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये येतं. रस्त्यावर सीमा दिसत नाही, चौकी नाही, फक्त फलकांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात. म्हणून लोक बिनधास्त डब्लिनहून बसने जाऊन येतात. पण भारतीय पासपोर्टवर तिकडे जायला ब्रिटनचा व्हिसा लागतो, आणि परतीच्या बसमध्ये आयरिश पोलीस अधूनमधून कागद तपासतात. तिथे अडकलात तर "सीमा कळलीच नाही" हे कारण चालत नाही.

शेंगन चालत नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, शेंगनमध्ये नाही. तुम्हाला आयर्लंडचा अल्पमुदतीचा 'सी' व्हिसा हवा. शुल्क एकवेळ प्रवेशाला ६० युरो, अनेकवेळ प्रवेशाला १०० युरो, वर अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस केंद्राचं सेवाशुल्क. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. आधी ऑनलाइन फॉर्म, मग त्याचा सारांश छापून सही करायची आणि मूळ कागदांसकट व्हीएफएस केंद्रात द्यायचा. निकालाला आठ आठवडे धरा. मे महिना असेल तर फेब्रुवारीअखेर अर्ज गेलेला बरा.

ब्रिटनही करायचं असेल तर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांना ती लागू होते. व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा आला की त्या एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. अट अशी की ज्या देशाने व्हिसा दिला, त्याच देशात आधी उतरायचं. अर्ज भरण्याआधी आयरिश इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचा.

नकार कशाने येतो? बहुतेक वेळा बँकेच्या कागदांमुळे. सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागतात आणि अचानक आलेली मोठी रक्कम त्यांच्या डोळ्यांत भरते. अर्जाच्या तोंडावर मेहुण्याकडून चार लाख फिरवून घ्यायचे, हा आपल्याकडचा लाडका उपाय इथे हमखास उलटतो. एफडी मोडली असेल, जागा विकली असेल, तर त्याचा कागद जोडा आणि पत्रात एका ओळीत खुलासा करा. सासूबाईंचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नातं दाखवणारा पुरावा जोडा. मुलाचा अर्ज वेगळा, सोबत जन्मदाखला. मराठीतला प्रत्येक कागद, जन्मदाखला असो की सातबारा, इंग्रजी भाषांतर करून प्रमाणित करून घ्या. आधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला गेला असेल तर लपवू नका. नकार आलाच तर दोन महिन्यांच्या आत विनाशुल्क अपील करता येतं.

विमानाचं पक्कं तिकीट व्हिसा हाती आल्यावर काढा. मुंबई-डब्लिन थेट विमान नाही. दुबई, अबुधाबी किंवा दोहामार्गे गेलात तर मधल्या थांब्याच्या ट्रान्झिट व्हिसाची कटकट उरत नाही. लंडनमार्गे स्वस्त मिळालं तरी आधी तो नियम बघा.


घाटवळण:

१० रात्रींत सहा मुक्काम म्हणजे रोज बॅगा भरणं. सासूबाईंचे गुडघे डोंगरावर नाही, बॅगा आणि जिन्यांवरच दमतील. (जुन्या बी अँड बीमध्ये, म्हणजे न्याहारीसह खोली देणाऱ्या घरांत, लिफ्ट नसते. आरक्षण करताना तळमजल्याची खोली मागा.) कॉर्क शहर काढा, बेलफास्ट काढा.

माझ्या मते: डब्लिन २, क्लेअर परगण्यात डूलिन किंवा एनिस्टायमन ३, डिंगल ३, किलकेनी १, डब्लिन विमानतळाजवळ १.

चौघांना आणि या भागाला गाडीच बरी. गॉलवेहून मोहरच्या कड्यांवरून एनिसला जाणारी ३५० क्रमांकाची बस आहे, पण बरनचा खडकाळ पठारी भाग आणि डिंगलचं टोक बसने नीट होत नाही. आपण डावीकडूनच चालवतो, तो प्रश्न नाही. प्रश्न रस्त्याच्या रुंदीचा आहे. गावाकडच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दगडी बांध किंवा झुडपांचं कुंपण असतं, कडेला मोकळी पट्टी नसतेच. समोरून बस आली की चालक दचकून डावीकडे सरकतो आणि डावा आरसा किंवा टायर बांधाला घासतो. नेमके आरसे, काचा आणि टायर साध्या विम्यात बहुधा नसतात. गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी विचारा: अपघातात आपल्या खिशातून जाणारी रक्कम किती (ती दीड ते तीन हजार युरो असू शकते), त्यासाठी कार्डावर किती रक्कम अडकवणार, आणि आरसे-टायर धरलेत का. कार्ड मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्डच हवं.

ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच नोंदवा, कमी असतात आणि महाग पडतात. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा हॅचबॅकमध्ये बसत नाहीत. एकतर मोठी गाडी घ्या, नाहीतर दोन मोठ्या आणि दोन केबिन बॅगांवर भागवा. मुलाची उंची १५० सेंटीमीटरपेक्षा कमी आणि वजन ३६ किलोपेक्षा कमी असेल तर बूस्टर सीट कायद्याने लागते. भारतीय परवाना पर्यटकाला चालतो, पण गाडी देणारे आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकतात. आरटीओत फॉर्म ४अ भरला की मिळतो, मुदत एक वर्ष.

डब्लिन शहरात गाडी नको. तिसऱ्या दिवशी विमानतळावर जाऊन घ्या. तिथून गॉलवेकडे निघालात की एम५० वर टोल लागतोच आणि तिथे नाका नाही, कॅमेरा आहे. दुसऱ्या दिवशी रात्री आठपर्यंत ऑनलाइन किंवा दुकानात भरायचा. विसरलात तर दंड गाडीच्या कंपनीमार्फत तिच्या शुल्कासह येतो. काही कंपन्या टोल स्वतःच कापतात, तेही विचारून घ्या, नाहीतर दोनदा भराल. पुढच्या एम४ आणि एम६ वर साधे नाके आहेत. वेगमर्यादा मोटरवेवर १२०. गावाकडच्या लोकल रस्त्यांची फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० केली आहे, जुन्या ब्लॉगांवर विसंबू नका.

मोहरच्या कड्यांवर दुपारी चारनंतर जा. डब्लिनहून आलेल्या सहलीच्या बसगाड्या तोवर परतलेल्या असतात आणि कडे पश्चिमेला तोंड करून असल्याने ऊनही तेव्हाच त्यांच्यावर पडतं. मेमध्ये साडेनवापर्यंत उजेड असतो, घाई नाही. तिकीट ऑनलाइन घ्या, गर्दीच्या वेळेचा दर जास्त असतो. सर्वांत उंच जागा २१४ मीटर. केंद्राजवळची वाट फरसबंद आहे, सासूबाईंना तेवढी पुरे. डूलिनकडून येणारी कड्याकाठची पायवाट दरड आणि अपघातांमुळे बऱ्याच भागात बंद झालेली आहे. "बंद" फलक ओलांडून फोटो काढणारे दिसतील, त्यांच्यामागे जाऊ नका. धुकं असेल तर थांबून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी या. तीन रात्री त्यासाठीच सांगितल्या.

डूलिनहून इनिशीर बेटावर बोट जाते. धक्क्यावरच घोडागाडी मिळते, चढण टळते. परतीची फेरी कड्यांच्या खालून येणारी घ्या. लाटा असतील तर बोट रद्द होते, म्हणून बेट पहिल्या मोकळ्या दिवशी ठेवा, म्हणजे हातात एक दिवस उरतो. बरनमध्ये पूलनाब्रोनचं महापाषाणी दफनस्थळ रस्त्यालगतच आहे, पाच हजार वर्षांहून जुनं. मेमध्ये चुनखडीच्या भेगांतून गडद निळी जेन्शियनची फुलं येतात. पाय भेगेत अडकतो, सासूबाईंनी वाटेवरूनच बघावं.

क्लेअरहून डिंगलला लिमरिकमार्गे जाऊ नका. किलिमर-टार्बर्ट फेरीबोटीत गाडी चढवा. वीस मिनिटांत शॅनन नदी पार होते आणि १३७ किलोमीटर वाचतात. डिंगलहून स्ले हेडचा रस्ता साधारण ४७ किलोमीटरचा आहे. घड्याळाच्या दिशेने जा, बसगाड्या त्याच दिशेने जातात आणि अरुंद जागी समोरासमोर येणं टळतं. डून कीनचं ब्लास्केट केंद्र चुकवू नका. समोरच्या बेटावरची वस्ती १९५३ मध्ये सरकारने हलवली. तिथलं जगणं आणि भाषा आत नीट मांडली आहे आणि बसायला जागाही आहे. गॅलरसचं चुन्याशिवाय नुसत्या दगडांनी रचलेलं प्रार्थनागृह त्याच फेरीत होतं.

रिंग ऑफ केरी या वर्तुळाकार रस्त्याला माझा विरोध आहे. १७९ किलोमीटर, दिवसभर गाडीत, आणि अर्धा वेळ बसच्या मागे. डिंगलहून एक दिवस किलार्नीला या (सव्वा तास) आणि मक्रॉसच्या रानातून घोडागाडीने फिरा.


खिडकीजवळची_जागा:

मार्गाशी सहमत, फक्त डिंगलच्या तिसऱ्या रात्रीऐवजी किलार्नीत एक रात्र घ्यावी. हॉटेलं मोठी, लिफ्टवाली, आणि दुसऱ्या दिवशी किलकेनी जवळ पडतं. डिंगलहून किलकेनी एका दिवसात म्हणजे वाटेत कॅशेलचे टेकडीवरचे जुने दगडी अवशेष घाईत होतील.


तीन_मात्रा:

संगीताचं कुणी सांगितलं नाही, आणि यादीत पहिलं तेच आहे. :)

मुख्य अडचण कायद्याची. पबमध्ये १८ वर्षांखालच्यांना रात्री नऊनंतर थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर ही वेळ दहापर्यंत वाढते. १५ वर्षांखालच्या मुलाबरोबर आई-वडील किंवा पालक हवेच. आणि गावातलं सेशन, म्हणजे वादकांची मोकळी बैठक, सुरू होतं साडेनवाच्या सुमाराला. म्हणजे मुलाला अर्धा तास मिळतो, आणि त्यातली दहा मिनिटं वाद्यं जुळवण्यात जातात. दहाला पबवाला येऊन नम्रपणे सांगतो. त्याच्याशी वाद घालू नये, परवाना त्याचा असतो.

यावर उपाय आहेत. गॉलवेत काही पबांत संध्याकाळी सहाच्या आसपास पहिलं सेशन होतं. क्लेअरला जाताना तिथे दुपार-संध्याकाळ थांबा आणि उजेडातच डूलिन गाठा. रविवारी दुपारची सेशनंही असतात, मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, फलक बाहेर लावलेले नसतात. डिंगलमध्ये सेंट जेम्स चर्चमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळी छोट्या मैफली होतात, तिथे वयाचा प्रश्न नाही. ट्रालीचं शीमसा टीर हे लोकनाट्यगृह डिंगलच्या वाटेवरच आहे. आणि तुमच्या तारखांचं नशीब म्हणजे मेच्या उत्तरार्धात एनिसला फ्ला नुआ हा पारंपरिक संगीत-नृत्याचा उत्सव भरतो. दिवसा, रस्त्यावर, मुलंही वाजवतात. त्या वर्षाच्या तारखा जाहीर झाल्या की क्लेअरच्या तीन रात्री त्यावर बेतून घ्या. मोठ्यांनी आळीपाळीने एकेक रात्र पबमध्ये काढावी. डूलिनला मॅकडर्मट्स, मॅकगॅन्स आणि ओकॉनर्स तिन्ही चालत जाण्याजोगे आहेत. डब्लिनमध्ये स्मिथफील्डचा कॉबलस्टोन. टेंपल बारमध्ये ध्वनिक्षेपकावर गाणी आणि दुप्पट दर, तो भाग दिवसा बघून सोडा.

सेशन म्हणजे कार्यक्रम नव्हे. वादक गोल बसतात, एकमेकांकडे तोंड करून. त्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्या रिकाम्या नसतात, उशिरा येणाऱ्यांच्या असतात. तिथे बसू नका. बाजूच्या टेबलावर गप्पा चालतात, कुणी हटकत नाही. पण कुणी साथीशिवाय गायला लागलं, विशेषतः आयरिश भाषेतलं शॅन-नोस, की सगळा पब गप्प होतो. त्या वेळी ग्लासही वाजवायचा नाही, उठायचंही नाही. टाळ्यांनी ठेका धरू नका, लय हलते. फोनवर चित्रण करायचं तर आधी विचारा, आणि एक तुकडा घेऊन फोन खाली ठेवा.

ऐकताना काय धरायचं? सगळे एकच चाल वाजवतात. फिडल, बासरी, टिन व्हिसल, कॉन्सर्टिना, काखेतल्या भात्याने हवा भरायचे इलन पाइप्स. स्वरसंवाद गौण असतो. एका चालीचे दोन भाग, प्रत्येक भाग आठ मापांचा आणि दोनदा. अशी पूर्ण चाल दोन-तीनदा झाली की न थांबता दुसरीत उडी. दोन-तीन चालींचा एक संच. जिग ६/८ मध्ये असते, दादऱ्याचा कान असेल तर लगेच सापडते. रील चारच्या हिशोबात आणि वेगवान. स्लिप जिग ९/८, तिथे बोटं चुकतात. केरीत पोल्का जास्त ऐकू येतील, क्लेअरचं वादन मोकळं आणि जरा संथ. बाउरॉन नावाचा डफासारखा चर्मवाद्य एका वेळी एकानेच वाजवायचा असा संकेत आहे. मुलाने घरून डफ नेला तरी तो पिशवीतच राहू द्या.

ऑर्डर बारवर जाऊन द्यायची, टेबलावर कुणी येत नाही. दारू न पिणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. कुणी तुमच्यासाठी पेय आणलं तर पुढचं तुम्ही आणायचं, ही रीत मात्र मोडू नका. गप्पांना विषय हवा असेल तर दोनदा पंतप्रधान झालेले लिओ वराडकर आहेतच, त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. फक्त राजकारणावर मत आधी समोरच्याचं ऐका.

स्वच्छतागृहाच्या दारावर फक्त 'एफआयआर' किंवा 'एमएनए' अशी रोमन अक्षरं असतील. 'एफ' पुरुषांचं, 'एम' बायकांचं. उलटं वाटतं, घाईत चुकतं.


मेतकूट_भात:

खाण्याचं थोडक्यात. न्याहारीला 'फुल आयरिश' मध्ये सॉसेज, बेकन आणि रक्ताचं ब्लॅक पुडिंग असतं. शाकाहारी न्याहारी आदल्या रात्री सांगून ठेवा. भाजीच्या सूपचा स्टॉकही कोंबडीचा असू शकतो, थेट विचारा. चिप्स काही दुकानांत बैलाच्या चरबीत तळतात, तेही विचारा. निर्धास्त खाण्यासारखं: सोडा ब्रेड आणि लोणी, चीज, बटाटा-कोबीचं कोलकॅनन, लापशी. गावातल्या पबचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. फिरून दहाला परतलात तर वेफर्सवर झोपावं लागेल, कारण बाहेर उशिरापर्यंत उजेड असल्याने वेळेचं भान राहत नाही. डब्लिनमध्ये विकलो स्ट्रीटवरचं कॉर्नुकोपिया पूर्ण शाकाहारी आहे.

सामानात पेढे, बर्फी, तूप, खवा, पनीर नको. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कढीपत्ता, आंबे, लिंबंही नकोत. शाळेला सुट्टी आणि हापूसचा हंगाम, मोह होणारच. चिवडा, कोरड्या चटण्या, मेतकूट, भडंग चालतं. खोलीत किटली मिळते, पण प्लग ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा आहे, आपला बसत नाही.

छत्री घेऊ नका. पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, दिवसातून पाचदा येऊन जातो, आणि वाऱ्याने छत्री उलटते. टोपीचं जलरोधक जाकीट आणि पकड असलेले बूट, बस्स. दिवसा १२ ते १६ अंश धरा.


फुलटॉस:

११ वर्षांचा मुलगा आणि हर्लिंग या तिथल्या मैदानी खेळाचा उल्लेख नाही? मेमध्ये मन्स्टरची प्रांतिक स्पर्धा ऐन रंगात असते: क्लेअर, लिमरिक, कॉर्क, टिपरेरी, वॉटरफर्ड. सामने शनिवार-रविवारी, एनिस किंवा थर्ल्ससारख्या तुमच्या वाटेवरच्या गावांत. १५-१५ खेळाडू, ७० मिनिटं, लाकडी काठ्या आणि स्लिटर नावाचा चामड्याचा चेंडू. आडव्या दांड्याखालून गेला तर गोल म्हणजे ३ गुण, वरून गेला तर १. फलकावर २-१८ दिसलं तर २४ समजायचं. कुणालाही मानधन नाही, सोमवारी सगळे आपापल्या नोकरीवर. तिकीट ऑनलाइन आधी काढा, दारावर बहुधा मिळत नाही. बसायच्या जागेचं घ्या, उभ्याचं स्वस्त असलं तरी सासूबाईंना जमणार नाही.

स्केलिग मायकल विसरा. ६१८ उघड्या दगडी पायऱ्या, कठडा नाही, स्वच्छतागृह नाही. उतरण्याचा हंगाम मेच्या मध्यापासून, दिवसाला १८० माणसं, आणि समुद्र खवळला की आयत्या वेळी रद्द. लहान मुलांना बोटवाले बहुधा घेतही नाहीत. बेटाला नुसती प्रदक्षिणा घालणाऱ्या बोटी आहेत, पण त्या डिंगलच्या नाही, पोर्टमागीच्या बाजूने निघतात.


पाऊलवाट:

सगळ्यांचे आभार. बेलफास्ट, कॉर्क, स्केलिग बाद. डब्लिन २, डूलिन ३, डिंगल २, किलार्नी १, किलकेनी १, विमानतळ १. डब्लिनच्या दीड दिवसात काय?


घाटवळण:

किलमेनम तुरुंग, १९१६ च्या उठावाच्या नेत्यांना जिथे गोळ्या घातल्या. तिकिटं २८ दिवस आधी खुली होतात आणि लगेच संपतात, कॅलेंडरवर खूण करा. डब्लिनच्या किल्ल्याच्या आवारातलं चेस्टर बीटी संग्रहालय फुकट आहे, आत मुघल लघुचित्रं आहेत. किल्डेअर स्ट्रीटचं पुरातत्त्व संग्रहालयही फुकट, पण रविवारी-सोमवारी दुपारी एकला उघडतं. न्यूग्रेंजचं प्राचीन दफनस्थळ हवं असेल तर अर्धा दिवस त्यालाच जाईल. आतली वाट अरुंद आणि ठेंगणी आहे, वाकून जावं लागतं, गुडघ्यांचा विचार करा. शहरातल्या बसला लीप कार्ड घ्या, ९० मिनिटांत बदलत गेलात तरी २ युरोच. रोख भाड्याला सुटी नाणीच लागतात.


खिडकीजवळची_जागा:

तारखा जूनला टेकत असतील तर लक्षात घ्या, जूनचा पहिला सोमवार तिकडे सार्वजनिक सुट्टीचा. त्या शनिवार-रविवारी किलकेनी आणि किलार्नी दोन्ही भरतात. रद्द करता येणारी आरक्षणं आत्ताच करून ठेवा, व्हिसाच्या अर्जाला तीच जोडता येतील.